टॉवेलामागचे नऊ रुपये आणि लाल समुद्र

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणला जाणारा एक साधा टेरी टॉवेल घ्या. ७० बाय १४० सेंटिमीटर, ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), वजन साधारण ४४० ग्रॅम. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये असा माल दहा टन बसतो असं धरू. टॉवेल फुगीर असल्यामुळे कंटेनर वजनाआधी जागेने भरतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीपासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चाळीस फुटी कंटेनरच्या भाड्याचा जागतिक निर्देशांक सुमारे १,४०० डॉलरवरून जवळपास ४,००० डॉलरवर गेला. कंटेनरमागे अडीच हजार डॉलर वाढले असं धरलं, तर तेव्हाच्या ८३ रुपयांच्या दराने ते दोन लाख सात हजार होतात. म्हणजे किलोमागे वीस-एकवीस रुपये आणि टॉवेलामागे नऊ रुपये. निर्यातीच्या टॉवेलात खर्च वजा जाता नऊ रुपये सुटतात का, हे सोलापुरात कुणाही कारखानदाराला विचारून पाहा.

हे नऊ रुपये वाढवले कुणी? लाल समुद्रातल्या जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथी या सशस्त्र टोळीने, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. हुथींनी क्षेपणास्त्र डागलं, पण नऊ रुपये वाढले ते लंडनच्या विमा बाजारात आणि जहाज कंपन्यांच्या दरपत्रकात. व्यापारी जहाजांवर हल्ले करणाऱ्या सशस्त्र टोळीला जहाज बुडवावंच लागतं असं नाही. विम्याचा दर वाढला की तिचं काम झालं. म्हणून सरकारांच्या उत्तराचा पहिला रोख त्या दरावर हवा. आजवर तो तिथे फारच कमी गेला आहे, आणि भारताचा तर जवळपास नाहीच.

आधी हा दर ठरतो कसा ते पाहू. जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्धाचा धोका धरलेला नसतो. त्यासाठी वेगळा वॉर रिस्क विमा घ्यावा लागतो. लंडनच्या विमेकऱ्यांची जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या समुद्रांची यादी ठेवते. यादीतल्या पट्ट्यात शिरण्याआधी मालकाने विमेकऱ्याला कळवायचं आणि जास्तीचा हप्ता भरायचा. तो साधारण सात दिवसांपुरता असतो आणि दिलेला भाव दिवस-दोन दिवसच टिकतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे मोटारी वाहणारं जहाज पळवलं. ते तुर्कस्तानहून आपल्या पिपावाव बंदराकडे निघालं होतं. १८ डिसेंबरला कमिटीने लाल समुद्रातला धोक्याचा पट्टा १५ अंश उत्तरेवरून १८ अंशांपर्यंत वाढवला. त्याआधी हप्ता जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. काही आठवड्यांत तो ०.७ ते १ टक्क्यावर गेला.

आता हिशेब करा. पाच कोटी डॉलरच्या जहाजाला पूर्वी एका फेरीला २५ हजार डॉलर लागत, ०.७ टक्क्याने साडेतीन लाख लागू लागले. पंधरा कोटी डॉलरच्या मोठ्या कंटेनर जहाजाला साडेदहा लाख. त्यावर सुएझचा टोल वेगळा, तोही मोठ्या जहाजाला काही लाख डॉलरचा. त्यापेक्षा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, साधारण साडेतीन हजार सागरी मैल आणि दहा ते चौदा दिवस जास्त, हे मोठ्या जहाजाला परवडतं. इंधन जास्त जळतं, पण हप्ता आणि टोल दोन्ही वाचतात. शिवाय सगळ्यांची जहाजं वळशाला अडकल्याने बाजारात जागा कमी पडते आणि भाडं वर जातं. मोठ्या कंटेनर कंपन्यांना २०२४ हे वर्ष वाईट गेलं नाही, चांगलंच गेलं. लाल समुद्रात परतायची त्यांना घाई का नव्हती, हे यातून कळतं.

मग त्या पाण्यात उरलं कोण? जुनी, कमी किमतीची बल्क (सुटा माल वाहणारी) जहाजं आणि टँकर. किंमत कमी म्हणून टक्केवारीने येणारा हप्ताही कमी. बुडालेली नावं बघा. मार्च २०२४ मध्ये 'रुबीमार', जूनमध्ये 'ट्यूटर', जुलै २०२५ मध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी'. चारही बल्क जहाजं. 'रुबीमार'वर सुमारे २१ हजार टन खत होतं. मार लागल्यावर ते जवळपास दोन आठवडे पाण्यावर राहिलं आणि मग बुडालं. मधल्या काळात त्याच्या ओढत गेलेल्या नांगराने बहुधा समुद्रतळाच्या इंटरनेट केबलही तोडल्या.

'ट्यूटर'चं जवळून पाहण्यासारखं आहे. १२ जून २०२४ ला पाच-सात मीटरची एक लहान बोट त्याच्याकडे आली. लांबून पाहिलं तर मच्छीमारांची वाटावी, कारण तिच्यावर माणसांचे पुतळे बसवले होते. ती स्फोटकांनी भरलेली, दुरून चालवलेली बोट होती आणि ती नेमकी मागच्या बाजूला धडकली. बल्क जहाजाचं इंजिन मागेच असतं. इंजिनरूम म्हणजे पाण्याच्या रेषेखालची एक मोठी मोकळी जागा. तिथे भोक पडलं की पाणी थांबवायला आडव्या भिंती नसतात, पंप चालवणारी वीजही त्याच खोलीत तयार होते. इंजिनरूममधला फिलिपिनो खलाशी वाचला नाही आणि सहा दिवसांत जहाज तळाला गेलं. काटेरी तार, पाण्याचे फवारे, खलाशांनी आत लपायची कुलूपबंद खोली (सिटाडेल) हे सोमाली चाच्यांसाठी तयार झालेले उपाय. चाच्याला वर चढायचं असतं. या बोटीला चढायचं नव्हतंच.

हुथींचा नेम मात्र ते सांगत होते तितका अचूक नव्हता. इस्रायलशी संबंध असलेली जहाजंच मारतो, असं ते म्हणत. पण मालकीची माहिती जुन्या सार्वजनिक नोंदींतून काढलेली असे, आणि मध्यंतरी जहाज विकलं गेलेलं असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी 'स्टार आयरिस'वर क्षेपणास्त्रं सोडली. ते ब्राझीलचा मका घेऊन चाललं होतं इराणला, म्हणजे ज्याच्याकडून शस्त्रं येतात त्याच्याच बंदराकडे! दुसरीकडे काही जहाजं आपली ओळख आणि जागा सांगणाऱ्या एआयएस यंत्रावर 'सर्व खलाशी चिनी' असा मजकूर लावून जात होती. विमेकरी अशा वेळी कुणाला थोडा कमी, कुणाला थोडा जास्त भाव लावतो. पण वाढीव दर सगळ्यांनाच लागतो आणि टोळीला नेमकं तेच हवं असतं.

सरकारांनी आजवर काय केलं, त्याचा हिशेब बघू. पहिलं उत्तर बॉम्बचं. सौदी आघाडीने २०१५ पासून २०२२ च्या युद्धविरामापर्यंत येमेनवर हवाई हल्ले केले, तरी राजधानी सना आणि होदेइदा बंदर हुथींकडेच राहिलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी अमेरिकी युद्धनौकेवर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा अमेरिकेने किनाऱ्यावरची तीन रडार केंद्रं उडवली. जानेवारी २०२४ पासून अमेरिका आणि ब्रिटनने पुन्हा हल्ले केले. १५ मार्च ते ६ मे २०२५ हा अमेरिकेच्या हवाई मोहिमेचा सगळ्यात जोराचा काळ. शेवट ओमानच्या मध्यस्थीने झाला. अट अशी की तुम्ही आमची जहाजं मारू नका, आम्ही बॉम्ब टाकणार नाही. बाकीच्यांची जहाजं त्या समझोत्यात नव्हती. दोन महिन्यांतच 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ओळीने बुडाली. 'इटर्निटी सी'वरच्या २५ जणांपैकी दहांना समुद्रातून वाचवता आलं. बाकीच्यांपैकी काही मेले, काही हुथींच्या हाती लागले. ०.३ टक्क्याच्या आसपास उतरलेला हप्ता पुन्हा १ टक्क्याकडे गेला. महासत्तेने स्वतःपुरती सुटका करून घेतली, बाजाराने त्याचा बरोबर अर्थ लावला.

हवाई हल्ल्यांनी काहीच होत नाही असं नाही. रडार जातात, साठे जातात, हल्ल्यांची गती मंदावते. पण ट्रकवरून सुटणारं क्षेपणास्त्र आणि शेडमध्ये जोडलेला ड्रोन वरून शोधून संपवता येत नाही. काही हजार डॉलरचा ड्रोन पाडायला २० लाख डॉलरच्या घरातलं एसएम-२ क्षेपणास्त्र वापरायचं, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

त्यापेक्षा स्वस्त आणि जास्त फळ देणारं काम म्हणजे शस्त्रं वाटेतच धरणं. सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२१६ क्रमांकाच्या ठरावाने हुथींना शस्त्रं देण्यावर बंदी आहे. तरी क्षेपणास्त्रांचे सुटे भाग 'धाव' नावाच्या लाकडी गलबतांमधून अरबी समुद्रातून जातात. यातल्या बऱ्याच धावांना कुठल्याच देशाचा झेंडा नसतो आणि झेंडा नसलेल्या जहाजावर खुल्या समुद्रात चढून तपासणी करायला सागरी कायद्याच्या ११० व्या कलमाचा आधार आहे. जुलै २०२५ मध्ये येमेनमधल्याच हुथीविरोधी दलांनी असा ७५० टनांहून जास्त साठा पकडला. ७५० टन! कितीही बॉम्ब टाकले तरी एका दिवसात एवढं निकामी झालं असेल का, शंकाच आहे. आपलं नौदल अरबी समुद्रात हे काम करू शकतं. अडचण नौदलाची नाही, तेहरानची आहे. इराणमधलं चाबहार बंदर आणि मध्य आशियाचा रस्ता यांमुळे दिल्ली इराणला दुखवायला तयार नसते. हा संकोच समजण्यासारखा आहे. पण झेंडा नसलेली धाव तपासणं म्हणजे इराणशी भांडण नव्हे, आणि ते तसं उघड सांगूनही करता येईल.

नौदलाचं खरं कौतुक करायला हवं ते वेगळ्या कामासाठी. २३ डिसेंबर २०२३ ला 'केम प्लुटो' या टँकरवर आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळला. ते मंगळुरूकडे कच्चं तेल आणत होतं. त्यानंतर भारताने दहाहून जास्त युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात उतरवल्या. जानेवारी २०२४ मध्ये 'मार्लिन लुआंडा' पेटलं, त्यावर २२ भारतीय होते, तेव्हा आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमची माणसं गेली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तिघे मेले, २१ जणांना आयएनएस कोलकाताने उचललं. त्याच महिन्यात चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज सोडवून ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले. भारत लाल समुद्रातल्या जहाजांच्या रक्षणासाठीच्या अमेरिकेच्या 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' मोहिमेत गेला नाही, आणि तो निर्णय बरोबर होता, कारण तसं केलं असतं तर आपल्या खलाशांची जहाजंही थेट निशाण्यावर आली असती.

पण हल्ला झाल्यावर धावून जाण्याने विम्याचा दर उतरत नाही. विमेकरी विचारतो, या तारखेला, या पट्ट्यातून, या जहाजाबरोबर युद्धनौका असेल का? युरोपीय संघाच्या 'अ‍ॅस्पिडीज' मोहिमेने सोबत देण्याचं काम केलं, पण एका वेळी तिच्याकडे तीन-चार जहाजं. वेळापत्रक जाहीर करून, आठवड्यातल्या ठरावीक दिवशी ताफा नेला तर विमेकऱ्याला भाव कमी करायला निमित्त मिळतं. एडनच्या आखातात चाच्यांच्या काळात भारतीय नौदलाने वर्षानुवर्षं सोबतीचं काम केलेलं आहे, पद्धत नवी नाही. बाब-अल-मंदेब जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे. तिथे क्षेपणास्त्र अडवणारी नौका सोबत हवी, गस्ती बोट चालणार नाही. तशा नौका आपल्याकडे मोजक्या आहेत, म्हणून आठवड्याला एक फेरी एवढंच वचन द्यावं आणि ते पाळावं.

कायद्याबद्दल थोडक्यात. चाचेगिरीविरोधी २०२२ चा आपला कायदा खासगी फायद्यासाठी केलेल्या लुटीचा विचार करतो. किनाऱ्यावरून राजकीय मागणीसाठी क्षेपणास्त्र सोडणारा त्यात बसत नाही. सागरी वाहतुकीच्या सुरक्षेविरुद्धच्या कृत्यांचा २००२ चा कायदा जवळ जातो, पण आरोपी हाती लागल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. दुरुस्ती करावी, मात्र त्यातून फार अपेक्षा ठेवू नये.

आता विम्याकडे. सोलापुरात बऱ्याच जणांची समजूत असते की माल विमा उतरवलेला आहे, म्हणजे काळजी नाही. पॉलिसी उघडून बघा. नेहमीच्या मालविम्याच्या सगळ्यात व्यापक, 'ए' कलमांच्या पॉलिसीतही युद्ध वगळलेलं असतं. युद्धाची आणि संपाची कलमं वेगळी जोडावी लागतात. ती जोडली तरी उशिराने झालेलं नुकसान भरून मिळत नाही. वळशामुळे टॉवेल तीन आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांनी पोहोचले, हंगाम गेला, खरेदीदाराने दर पाडला, तर विमा कंपनी एक रुपया देणार नाही. जहाज पेटलं आणि कप्तानाने ते वाचवायला खर्च केला, तर जनरल अ‍ॅव्हरेज लागतं, म्हणजे तो खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. आपला कंटेनर सहीसलामत असला तरी वाटणीची हमी दिल्याशिवाय तो सुटत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर मालाच्या धन्याला रोख ठेव भरावी लागते.

निर्यातदारांची जोखीम घेणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीच्या पॉलिसीत मात्र एक कलम आहे, जे फार कमी लोक वाचतात. भारताबाहेर प्रवास अडल्यामुळे किंवा वळवल्यामुळे जास्तीचं भाडं किंवा विमा भरावा लागला आणि तो खरेदीदाराकडून वसूल होत नसेल, तर तो राजकीय धोक्यात धरलेला आहे. २०२४ च्या सुरुवातीला ईसीजीसीने हप्ते वाढवू नयेत असं सरकारने सांगितलं, ते चांगलंच झालं. पण सीआयएफने, म्हणजे भाडं आणि विमा स्वतः भरून, विकणाऱ्यालाच या कलमाचा थेट उपयोग. आपले बरेच जण एफओबीने, म्हणजे बंदरात जहाजावर माल चढवून देण्यापुरतं, विकतात. भाडं खरेदीदार भरतो, मग तो पुढच्या ऑर्डरला दर पाडतो किंवा माल उचलायला महिना लावतो. गोदामात अडकलेल्या ५० लाखांच्या मालावर ९ टक्क्यांनी पंधरा दिवसांचं व्याज साडेअठरा हजार होतं. यंत्रमाग कामगारांचा पगार तर दर आठवड्याला द्यावाच लागतो.

म्हणून खरा उपाय सरकारी हमीच्या युद्धधोका पूलचा, म्हणजे विमा कंपन्यांनी मिळून जोखीम वाटून घेण्याच्या सामायिक निधीचा. यात नवं काही नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जगभरच्या पुनर्विमेकऱ्यांनी (विमा कंपन्यांचा विमा करणाऱ्यांनी) दहशतवादाचा धोका घ्यायचं नाकारलं, तेव्हा एप्रिल २००२ मध्ये जीआयसी या सरकारी पुनर्विमा कंपनीच्या पुढाकाराने आपल्या विमा कंपन्यांनी दहशतवाद पूल काढला. तो आजही चालतो. अणुऊर्जेसाठी २०१५ मध्ये १,५०० कोटींचा पूल झाला. परदेशातलं उदाहरण युक्रेनचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने लंडनच्या विमेकऱ्यांबरोबर सरकारी पाठबळाची 'युनिटी' ही व्यवस्था उभी केली आणि काळ्या समुद्रातून धान्य नेणाऱ्या जहाजांचा युद्धविमा स्वस्त केला. रशियाची क्षेपणास्त्रं थांबली नव्हती, तरी जहाजं येत राहिली.

यावर पहिला आक्षेप असा की आपला बहुतेक निर्यातीचा माल परदेशी जहाजांतून जातो आणि त्यांचे मालक विमा लंडनमध्ये घेतात, मग भारतीय पूल काय करणार? पूल झेंड्यावर नव्हे, बंदरावर बांधायचा. न्हावाशेवा, मुंद्रा, पिपावाव यांसारख्या आपल्या बंदरात येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या कुठल्याही जहाजाला लाल समुद्राच्या फेरीसाठी ठरावीक दराने संरक्षण द्यायचं. बाजाराचा दर, समजा, पाव टक्क्यावर गेला की योजना आपोआप सुरू. अटी तीन ठेवाव्यात. जहाजाने गुरुग्रामच्या नौदल माहिती केंद्राला मार्ग कळवायचा आणि सोबतीच्या फेरीतूनच जायचं. धोक्याच्या पट्ट्यात जायला नकार देण्याचा खलाशाचा करारातला हक्क अबाधित ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे संरक्षण घेणाऱ्या कंपनीने भारतीय मालावर 'वॉर रिस्क सरचार्ज' लावायचा नाही. ही तिसरी अट नसेल तर सरकारचा पैसा जहाज कंपन्यांच्या खिशात जाईल आणि सोलापूरचे नऊ रुपये जिथल्या तिथे राहतील.

दुसरा आक्षेप तोट्याचा. २०२३ मध्ये सुएझमधून २६ हजारांहून जास्त जहाजं गेली, २०२४ मध्ये सुमारे १३ हजार. त्या वर्षी बुडाली दोन. जखमी झालेली धरली तरी प्रत्यक्ष नुकसान ०.७ टक्क्याच्या हप्त्याच्या जवळपासही जात नाही. हा हिशेब जरा फसवा आहे हेही सांगायला हवं, कारण ज्यांना जास्त भीती होती ती जहाजं आधीच बाजूला झाली होती. ती परतली तर प्रमाण वाढेल. तरीही भीतीची किंमत आणि नुकसानीची किंमत यांत एवढं अंतर आहे की सरकारी हमीला मधे जागा आहे. जहाजबांधणीसाठी केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. हमीला त्याच्या तुलनेत फार थोडी रोकड लागेल, पहिल्या नुकसानीसाठीचा निधी तेवढा आधी बाजूला ठेवावा लागेल.

हल्ले मुळात गाझाच्या नावाने झाले आणि जानेवारी व ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामांत थांबले, म्हणून राजकारण सुटलं की प्रश्न सुटेल, असं काही जण म्हणतात. युद्ध थांबवण्यासाठी दबाव आणलाच पाहिजे, तो समुद्रापेक्षा मोठ्या कारणासाठी. पण एका टोळीने दाखवून दिलं आहे की एका चिंचोळ्या पाण्याच्या कडेला बसून जगाचं भाडं वाढवता येतं. पुढच्या वेळी कारण वेगळं असेल, किनाराही कदाचित वेगळा असेल. इराणला आणि आखातात जाणारी करमाळा-टेंभुर्णीकडची केळी तर लाल समुद्रातून जातच नाहीत, ती होर्मुझच्या तोंडाशी आहेत.

पूल शांततेच्या काळातच उभा करावा लागतो याचं कारण व्यवहारी आहे. युद्धविम्याच्या करारात सात दिवसांच्या, कधी त्याहून कमी मुदतीच्या नोटिशीने संरक्षण काढून घेण्याची सोय असते. दहशतवाद पूल उभा राहायला सप्टेंबर २००१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत सात महिने लागले होते. नान्नज-पंढरपूरकडच्या द्राक्षांचा निर्यातीचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये आटोपतो.